स्टार वॉर्सची सोर्सबुकं आणि कादंबऱ्या – इथे कुणी वाचल्यात का? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

कसब्यातला_हान

मागच्या महिन्यात आईकडचा माळा आवरत होतो (म्हणजे आई आवरत होती, मी शिडी धरून उभा होतो) तर एका ट्रंकेतून झेरॉक्सचं बाड निघालं. स्पायरल बाइंडिंग, वरचं प्लास्टिक पिवळं पडून कडक झालेलं, आणि चित्रांच्या जागी नुसते काळे चौकोन, कारण आमच्या कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन फोटो दिसला की शाई ओकायचं. पहिल्या पानावर वेस्ट एंड गेम्स, १९८७, स्टार वॉर्स सोर्सबुक. आईने विचारलं, रद्दीत टाकू का. मी जवळजवळ शिडीच सोडली.

तर हा धागा सिनेमांवर नाहीये, त्यावर भांडायला बाकीचे धागे पडलेत. मला बोलायचंय ते सिनेमांच्या आजूबाजूला जे कागदी साम्राज्य उभं राहिलं त्याबद्दल, म्हणजे कादंबऱ्या आणि त्याहून जास्त ही सोर्सबुकं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रोलप्लेइंग गेम म्हणजे चारपाच जण टेबलाभोवती बसतात, त्यातला एक गेममास्तर. तो सांगतो की तुम्ही अमुक बंदरावर उतरलात, मागून साम्राज्याचे शिपाई येतायत, काय करता? तुम्ही काय ते सांगायचं, फासे टाकायचे, आणि आकड्यावरून ठरतं की जमलं की नाही. सोर्सबुक म्हणजे गेममास्तरचं नवनीत गाइड. गोष्ट नसते त्यात. कुठलं यान किती मीटर लांब, त्यात किती माणसं मावतात, कुठल्या ग्रहावर हवा कशी, कुठला एलियन कुठली भाषा बोलतो, असं सगळं.

आता गंमत ऐका. १९८७ ला स्टार वॉर्स जवळपास संपल्यात जमा होतं. तिसरा सिनेमा १९८३ लाच येऊन गेलेला, मार्व्हलचं कॉमिक १०७ अंकांनंतर १९८६ ला बंद, खेळणी दुकानातून गायब. अशा वेळी या बोर्डगेमवाल्या छोट्या कंपनीने लायसन घेतलं, ग्रेग कॉस्टिक्यानने गेम लिहिला, आणि बिल स्लाव्हिसेक आणि कर्टिस स्मिथ या दोघांनी सोर्सबुक. त्यांच्यापुढे अडचण काय, तर सिनेमात बारमध्ये जे वीस-पंचवीस चित्रविचित्र प्राणी बसलेत त्यांना नावंच नव्हती. केनर कंपनीने १९७८ ला त्यांची खेळणी काढली तेव्हा पाकिटावर काय छापलं तर हॅमरहेड, वॉलरस मॅन. म्हणजे वर्गात नवीन आलेल्या पोराला 'ए चष्मिश' म्हणतात त्यातला प्रकार. सिनेमाला चालतं ते, कॅमेरा फिरला की विषय संपला. गेममास्तरला चालत नाही. टेबलावरचा कुणीतरी विचारणारच की मला तोच व्हायचंय, माझी जमात कुठली, घर कुठे, मला पोहता येतं का?

म्हणून मग हॅमरहेडचा झाला इथोरियन, बारमधला ग्रीडो झाला रोडियन, गुंडांचा सरदार जबा, त्याच्या दरबारातला तो डोक्याला दोन शेपट्यावाला बिब फॉर्चुना झाला ट्वायलेक, स्क्विडहेड झाला क्वारन. ही नावं आज इतकी अंगवळणी पडलीयत की सिनेमे काढणाऱ्या जॉर्ज लुकासनेच दिली असणार असं वाटतं. राजधानीच्या ग्रहाचं कोरुसंट हे नावही बहुतेक यातलंच असावं.

पुढे बँटम या प्रकाशकाने टिमथी झान या लेखकाला तीन कादंबऱ्या लिहायला घेतलं तेव्हा लुकासच्या कंपनीने, लुकासफिल्मने, त्याच्याकडे वेस्ट एंडची पुस्तकं धाडली, की बाबा नवीन नावं पाडत बसू नकोस, आधी हे बघ. 'एअर टु द एम्पायर' १९९१ ला आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरापर्यंत पोचली. मेलेलं स्टार वॉर्स उठून बसलं. तिथून पुढे कादंबऱ्यांचा पूर.

माझं म्हणणं एवढंच आहे की टाळ्या कादंबऱ्यांनी घेतल्या पण घर बांधलं ते या याद्या करणाऱ्यांनी. आणि २०१४ ला डिस्नीच्या राज्यात त्या सगळ्या कादंबऱ्या 'लेजंड्स' म्हणून बाजूला सारल्या तेव्हा कथानकं गेली, नायक ल्यूकचं लग्न गेलं, त्याच्या दोस्ताची, हान सोलोची, तीन मुलं गेली, पण ट्वायलेक ट्वायलेकच राहिला. यादीतला शब्द कुणाला कॅन्सलच करता येत नाही कारण ती गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नाही.

बोला.

बारक्या_पावशेर

मी पहिला!! वाचतो नंतर.

रच्याकने (म्हणजे बाय द वे) ते झेरॉक्स स्कॅन करून टाका की राव कुठेतरी.

तपशीलवार

छान धागा. पण हानभाऊ, एक दुरुस्ती. कोरुसंट हे नाव झानचं, वेस्ट एंडचं नाही. त्याच्या पहिल्याच कादंबरीत येतं. मग १९९७ ला जुने सिनेमे सुधारून पुन्हा काढले, त्या स्पेशल एडिशनमध्ये शेवटच्या जल्लोषात ते शहर पहिल्यांदा पडद्यावर दिसलं आणि १९९९ च्या सिनेमात तर बरीच गोष्ट तिथे घडते. म्हणजे कादंबरीतला शब्द सिनेमात गेल्याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण आणि तुम्ही ते नेमकं सोर्सबुकच्या खात्यावर टाकलंत :)

दुसरं, कादंबऱ्या १९९१ ला सुरू झाल्या असा जो समज आहे (तुम्ही म्हणाला नाहीत पण वाचणाऱ्याला तसं वाटेल) तो चुकीचा. पहिला सिनेमा मे १९७७ चा, त्याचं कादंबरीरूप त्याच्याही आधी, १९७६ च्या नोव्हेंबरात आलं. कव्हरवर नाव जॉर्ज लुकासचं, लिहिलं ॲलन डीन फॉस्टरने. त्याच फॉस्टरने १९७८ ला 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' लिहिली. ती का लिहून घेतली तर सिनेमा फार चालला नाही तर स्वस्तात दुसरा भाग काढता यावा म्हणून. त्यामुळे गोष्ट सगळी धुक्याने भरलेल्या ग्रहावर घडते, सेट कमी लागतात, आणि हान सोलो नाहीच कारण त्याचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा पुढच्या भागाचा करार झाला नव्हता. ल्यूक आणि लेया (पुढच्या सिनेमात ते बहीणभाऊ निघतात) एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात ते आज वाचताना... असो.

मग ब्रायन डेलीचं हान सोलोचं त्रिकूट, १९७९-८०. ते खरं सोनं आहे. तुमच्या आयडीवरून वाटतं वाचलं असणार.

कसब्यातला_हान

@तपशीलवार, कोरुसंटचं मान्य, कान धरले. डेली वाचलाय, पण उलट्या वाटेने. वेस्ट एंडने १९९३ ला कॉर्पोरेट सेक्टरचं सोर्सबुक काढलं ते डेलीच्याच पुस्तकांवर, ते आधी हातात पडलं आणि मग मूळ कादंबरी शोधत फिरलो. अटलास आधी आणि प्रवास नंतर.

@बारक्या, स्कॅन वगैरे नाही हो, मूळ गेम आणि सोर्सबुक दोन्ही फँटसी फ्लाइटने २०१८ ला तिसाव्या वाढदिवसाचं म्हणून पेटीत घालून परत काढलं होतं, शोधा मिळालं तर. आमचं ते पाप १९९० च्या दशकातलं, तेव्हा पुण्यात मिळायचा दुसरा मार्गच नव्हता.

वाटाण्याची_उसळ

मी जरा विरोधी पक्षात बसतो, राग मानू नका.

हे सगळं वाचून मला तर वाटतं की याच लोकांनी मजा घालवली. पहिल्या सिनेमात ल्यूक म्हाताऱ्या ओबी-वानला विचारतो की तू क्लोन वॉर्समध्ये लढलास? तो म्हणतो हो. बास. दोन शब्द. १९७७ ते २००२, पंचवीस वर्षं ते नुसते दोन शब्द होते आणि प्रत्येकाने आपापल्या डोक्यात आपापलं युद्ध लढून घेतलं. २००२ च्या सिनेमात ते युद्ध दाखवल्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि तुमची ती याद्यांची हौस. एम्पायर स्ट्राइक्स बॅक या दुसऱ्या सिनेमात ढगातल्या शहरातून लोक पळतायत तेव्हा एक ज्युनिअर कलाकार हातात चक्क आइस्क्रीम करायचं मशीन घेऊन धावतो. शूटिंगला जे हाताला लागलं ते दिलं असेल. आता त्याला विलरो हूड असं नाव आहे, पूर्वायुष्य आहे, आणि २०१९ च्या मँडलोरियन मालिकेत त्या आइस्क्रीमच्या भांड्याला कॅमटोनो असं नाव देऊन त्यातून मौल्यवान धातू देतात. हसावं का रडावं? बारमधल्या एकेका गिऱ्हाइकाला स्वतःची कथा देणारं पुस्तक पण आहे १९९५ चं. अरे बारमध्ये लोक दारू प्यायला पण येतात ना कधी? प्रत्येकाचा काहीतरी भूतकाळ पाहिजेच का?

एकंदर हे पैसे उकळायचे धंदे. बाकी चालू द्या.

बारक्या_पावशेर

आइस्क्रीम मशीन 😂😂 हे खरं आहे का?? आत्ता पॉज करून बघितलं. खरंय!!

पोथीनिष्ठ

उसळराव, पैसे उकळणे हा भाग मान्य, पण 'प्रत्येकाला भूतकाळ कशाला' हा प्रश्न विचारायला तुम्ही चुकीच्या देशात जन्माला आलात. आपण तर या धंद्यात दोन हजार वर्षं आहोत.

साधं उदाहरण घ्या, वत्सलाहरण. बलरामाची मुलगी वत्सला, अभिमन्यूचं तिच्यावर प्रेम, घटोत्कच तिचं रूप घेऊन लग्नाच्या मांडवात जाऊन बसतो. घरातल्या कुठल्याही आजीला विचारा, महाभारतातलीच गोष्ट म्हणून सांगेल. व्यासांच्या महाभारतात ती नाहीच! लोकांनी रचली, नाटकवाल्यांनी उचलली, सिनेमावाल्यांनी पडद्यावर आणली. घटोत्कच हे एक गमतीचं पात्र मूळ ग्रंथात कमी वापरलं गेलंय असं कुणालातरी वाटलं आणि त्याला स्वतंत्र एपिसोड मिळाला. टाय-इन, म्हणजे मूळ कथेला जोडून काढलेली जास्तीची गोष्ट, म्हणजे दुसरं काय असतं?

आणि हानभाऊ म्हणतात ते २०१४ चं लेजंड्स प्रकरण मला ऐकताक्षणी आमच्या भांडारकर संस्थेची आठवण आली. १९१९ ला काम सुरू केलं, हजारावर हस्तलिखितं ताडून बघितली, १९६६ ला महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी झाली, आणि त्यात व्यास सांगतायत नि गणपती लिहून घेतोय ही गोष्ट कुठे, तर परिशिष्टात! सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग, मूळ संहितेबाहेर. म्हणून कुणाच्या घरात गणपतीने लिहायचं थांबवलं का?

अजून एक. लुकासफिल्ममध्ये लेलंड ची म्हणून एक गृहस्थ, २००० पासून होलोक्रॉन नावाचा डेटाबेस सांभाळायचे. त्यात पायऱ्या होत्या. लुकासचे सिनेमे सगळ्यात वर, मग मालिका, मग कादंबऱ्या-कॉमिक्स-सोर्सबुकं, आणि खाली जुनंपानं. दोघांत विरोध आला तर वरच्याचं खरं धरायचं. आता मला सांगा, श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती प्रमाण, हे आणि ते वेगळं कसं?

तपशीलवार

+१. मोदक (म्हणजे अनुमोदन). 'श्रुती प्रमाण' वर एक चहा माझ्याकडून.

एडिसनकर_काकू

पोथीनिष्ठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणतो आता घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मी सोर्सबुकवाली नाही, कादंबरीवाली. इथे अमेरिकेत आले तेव्हा नवीन होते, ओळखी नव्हत्या, आणि लायब्ररीचा वर्षातून एकदा जुन्या पुस्तकांचा सेल लागतो तिथे पेपरबॅक पाव डॉलरला एक. त्यात झानची तिन्ही मिळाली. स्टार वॉर्स बघितलं होतं पण वेड वगैरे अजिबात नव्हतं. थ्रॉनने वेड लावलं. निळा माणूस, लाल डोळे, पांढरा युनिफॉर्म, आणि ओरडत नाही कुणावर! शत्रूची चित्रं-शिल्पं समोर मांडून बसतो आणि त्यावरून ओळखतो की हे लोक लढाईत कुठे चुकणार. तोपर्यंत स्टार वॉर्समधला व्हिलन म्हणजे गळा दाबणारा डार्थ वेडर. हा हाताखालच्या माणसाने चूक केली पण डोकं चालवलं तर त्याला शाबासकी देतो. मी तेव्हा ज्या ऑफिसात होते तिथला माझा बॉस वेडर होता हो, मला थ्रॉनच्या हाताखाली काम करायची फार इच्छा झाली होती.

आणि मग १९९९ चं 'व्हेक्टर प्राइम'. ज्यांना माहीत नाही त्यांनी पुढचं वाचू नका. ग्रहावर चंद्र कोसळतोय, म्हणजे शब्दशः चंद्र, लोकांना यानात भरणं चाललंय, आणि हानचा जिवलग साथीदार चुबाका मागे राहतो. हानच्या धाकट्या मुलाला तो अक्षरशः उचलून यानाच्या फळीवर फेकतो आणि स्वतः खालीच. यान चालवत असतो तो मुलगाच, आणि वर जायचं की परत फिरायचं हे त्याला ठरवावं लागतं. मागे वळून बघतात तर चुबाका खाली उभा, वर चंद्राकडे बघून डरकाळी फोडतोय. मी एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्कला जायचे, त्या दिवशी न्यूअर्क कधी गेलं कळलं नाही, शेजारच्या बाईने टिश्यू दिला आणि विचारलं घरचं कुणी का. काय सांगणार? केसाळ आहे हो एक.

आता ते म्हणतात ते घडलंच नाही, लेजंड्स. २०१५ च्या सिनेमात चुबाका मस्त जिवंत. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? पण वाटलं की मग मी ट्रेनमध्ये रडले ते काय होतं. हानभाऊ म्हणतात शब्द राहिले. राहिले असतील. माझ्यापाशी शब्द नाही राहिले, माझ्यापाशी तो चंद्र राहिला.

कसब्यातला_हान

काकू 🙏 याला माझ्याकडे उत्तर नाही.

सायलीची_आई

मध्येच घुसते, माफ करा. मुलगा चौदा वर्षांचा आहे, अहसोका मालिका बघून थ्रॉन थ्रॉन करत फिरतोय, वाढदिवसाला पुस्तक पाहिजे म्हणतो. दुकानात बघितलं तर थ्रॉन नावाचीच सात-आठ पुस्तकं, कुठलं घ्यायचं? आणि हे लेजंड्स म्हणजे खोटं का? तो म्हणतो आई लेजंड्स नको घेऊ, ते चालत नाही.

तपशीलवार

ताई, सोपं आहे. दोन गठ्ठे आहेत आणि दोन्ही झाननेच लिहिलेत. जुना गठ्ठा १९९१, ९२, ९३ असा तीन पुस्तकांचा, तो 'लेजंड्स'. मग २०१६ ला रेबल्स या कार्टूनच्या तिसऱ्या सीझनमध्ये थ्रॉनला परत आणलं आणि २०१७ पासून झानने नव्याने लिहायला घेतलं, त्यातल्या पहिल्याचं नावच 'थ्रॉन'. मुलाला मालिकेशी जुळणारं हवं असेल तर २०१७ चं घ्या. गोष्ट म्हणून चांगलं हवं असेल तर १९९१ चं.

एडिसनकर_काकू

१९९१ चं घ्या. चालत नाही म्हणाला तर काकूने सांगितलंय म्हणावं.

चाळीस_हजारी

स्टार वॉर्सवाले सगळं आपणच शोधलं असं बोलतात म्हणून लिहितो.

वॉरहॅमर ४०,००० पण १९८७ चंच, इंग्लंडमधलं. तिथे सिनेमा नाहीच मुळात. आधी नियमांचं पुस्तक आणि छोटे शिसाचे सैनिक, गोष्ट त्यांच्या फटीफटीत लिहिलेली, कुठे अर्ध्या पानाची चौकट, कुठे चित्राखालची दोन वाक्यं. त्यातच जुन्या यादवीचा उल्लेख, होरस नावाचा सेनापती बापाच्या म्हणजे सम्राटाच्या विरुद्ध उठला वगैरे. त्या चौकटींवर २००६ पासून कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली ती २०१९ पर्यंत ५४ पुस्तकं! आणि तरी राजधानीचा वेढा बाकी होता, त्याची वेगळी मालिका. शेवट काय होणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत, तरी लोक वाचत होते. (पोथीनिष्ठ आता रामायण काढणार, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

आणि एक्सपान्स. तिथे तर गंगा उलटी. टाय फ्रँकने आधी जग बनवलं ते गेमसाठी, मित्रांबरोबर इंटरनेटवर पोस्ट टाकून टाकून रोलप्लेइंग खेळला, त्यातून डॅनिएल अब्राहमबरोबर कादंबरी झाली, २०११. मग २०१५ ला मालिका, आणि २०१९ ला पुन्हा छापील रोलप्लेइंग गेम. पहिल्या पुस्तकात शेड नावाचा माणूस सुरुवातीलाच एकदम धक्कादायक पद्धतीने मरतो ना, तो का मेला माहितीय? त्याचा खेळाडू गेम सोडून गेला.

बारक्या_पावशेर

कायच्या काय 😂 आमच्या क्रिकेट टीममध्ये पण हा नियम आणा.

कसब्यातला_हान

उसळराव, तुमचं राहिलं होतं.

आइस्क्रीमवाल्याबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे, खोटं कशाला बोलू. पण चांगलं सोर्सबुक ते काम करत नाही. चांगलं सोर्सबुक तुम्हाला उत्तर देत नाही, भांडायला आकडा देतं. आमच्याच रूमवरचा किस्सा सांगतो.

आम्ही पाच जण, हॉस्टेलची दहा बाय बाराची खोली, दोन कॉट जोडून त्यावर पाठ्यपुस्तकांचा ढीग, ते टेबल. डंजन्स अँड ड्रॅगन्स का नाही खेळलो तर त्याला वीस बाजूंचा फासा लागतो, तो पुण्यात आणायचा कुठून? वेस्ट एंडच्या गेमला साधे सहा बाजूंचे फासे पुरतात, पण पुष्कळ लागतात. प्रत्येक पात्राच्या अंगात सहा गुण आणि ते सगळे फाशांतच मोजायचे, कुणाचं नेमबाजीला चार फासे, कुणाचं अकलेला दोन. दोन लुडो आणि एक व्यापार फोडून सहा फासे जमवले होते. एक हिरवा होता, तो नेहमी एकच टाकायचा. एखादं मध्यम अवघड काम असेल तर फाशांची बेरीज पंधरा यावी लागायची, आणि हिरवा हातात आला की समोरचा माणूस आधीच शिव्या द्यायला लागायचा.

तर त्यात 'ट्रॅम्प फ्रेटर्स' म्हणून एक पुस्तक आहे १९९० चं, पूर्ण पुस्तक मालवाहू यानावर पोट भरणाऱ्या लोकांवर. यान कर्जाने घ्यायचं, इथला माल तिथे विकायचा, इंधन, बंदराचं भाडं, दुरुस्ती, हप्ता. जेडाय योद्धे नाहीत, त्यांच्या प्रकाशाच्या तलवारी, लाइटसेबर, नाहीत, गॅलक्सी वाचवायची नाही, महिनाअखेरीला पैसे उरले पाहिजेत. आम्ही सगळे पोस्टातल्या, एसटीतल्या, शाळामास्तरांच्या घरची पोरं. आम्हाला ते जितकं कळलं तितकी जेडायांची ती गूढ शक्ती, फोर्स, कधीच कळली नाही.

एका रात्री आमचा एक मित्र, त्याला आपण गोट्या म्हणू, यान विकत घ्यायला निघाला. पुस्तकात हानच्या यानाच्या, मिलेनियम फाल्कनच्या, मॉडेलचा भाव आहे, नवीन एक लाख क्रेडिट, जुनं पंचवीस हजार. मी गेममास्तर, मी सांगितलं पंचवीस. गोट्या म्हणाला खोटं. पहिल्या सिनेमात हान दहा हजार मागतो तेव्हा ल्यूक उसळून म्हणतो की एवढ्यात तर आपलं स्वतःचं यान येईल! म्हणजे यानाचा भाव दहा हजार. मी म्हटलं तो शेतकऱ्याचा पोरगा, त्याला काय माहीत बाजारभाव. गोट्या म्हणाला शेतकऱ्याच्या पोरालाच भाव माहीत असतो, तुझ्या बापाला विचार ट्रॅक्टर केवढ्याला येतो. अर्धा तास. खालच्या मजल्यावरून पोरं वर आली भांडण सोडवायला आणि ती पण पार्टी घेऊन बसली. शेवटी रात्री दीडला खोलीतला सगळ्यात गप्प मुलगा, तो माणसासारखा रोबो, म्हणजे ड्रॉइड, होऊन खेळायचा आणि फारसा बोलायचा नाही, तो म्हणाला की ल्यूक 'जवळजवळ येईल' असं म्हणतो. जवळजवळ. म्हणजे दहात येत नाही.

मग सौदा बावीसवर तुटला. कर्ज काढून. ते कर्ज आम्ही पदवी मिळेपर्यंत फेडलं नाही.

आता हे सांगा, त्या पुस्तकाने आमची कल्पना मारली का?

वाटाण्याची_उसळ

बरं. हे आवडलं. आइस्क्रीमवर मात्र मी ठाम आहे.

पोथीनिष्ठ

शेतकऱ्याच्या पोरालाच भाव माहीत असतो 👏 गोट्या आता काय करतात?

कसब्यातला_हान

@पोथीनिष्ठ, बँकेत. वाहनकर्ज विभाग. शपथेवर.

रातराणी_७

खूप दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. साम्राज्याच्या बाजूचं एक पुस्तक होतं ना, 'इम्पीरियल सोर्सबुक', १९८९? अँडोर मालिका बघताना त्याची फार आठवण आली. मालिकेतलं ते आयएसबी, म्हणजे साम्राज्याचं सुरक्षा खातं, पांढऱ्या भिंती, गोल टेबल, हजेरी, एकमेकांची हद्द चोरणारे अधिकारी, ते खातं त्या पुस्तकातलं आहे. ग्रेग गॉर्डनने लिहिलं होतं. वाचताना अगदी सरकारी गॅझेट वाचल्यासारखं वाटायचं, कुठलं खातं कुणाच्या हाताखाली, कुणी कुणाला रिपोर्ट करायचं. तेव्हा मी ते भाग सोडून यानांची पानं बघायचे. तेहतीस वर्षांनी त्याच कंटाळवाण्या तक्त्यातून टीव्हीवरचे सगळ्यात भीतीदायक सीन निघाले, आणि त्यात बंदूक नाही, नुसती मीटिंग.

कसब्यातला_हान

@रातराणी, हेच! अगदी हेच म्हणायचं होतं मला आणि मी उगाच हॅमरहेड सांगत बसलो.

चाळीस_हजारी

सोर्सबुकांचं एवढं कौतुक चाललंय तर एक विचारतो. वेडरचं ते मोठं जहाज, एक्झिक्युटर, केवढं लांब?

तपशीलवार

नका हो काढू.

कसब्यातला_हान

आठ किलोमीटर. साम्राज्याचं नेहमीचं लढाऊ जहाज, स्टार डिस्ट्रॉयर, सोळाशे मीटर, त्याच्या पाचपट. सोर्सबुकात छापलंय.

तपशीलवार

छापलंय आणि चुकीचं छापलंय. सिनेमात दोन्ही जहाजं शेजारी दिसतात, फ्रेम थांबवून पट्टी लावा, अकरा-बारा पट भरतं. लोकांनी वर्षानुवर्षं पट्ट्या लावून भांडून भांडून शेवटी अधिकृत आकडा बदलून घेतला. एकोणीस किलोमीटर. आता सगळीकडे एकोणीसच आहे. श्रुती प्रमाण, तुम्हीच मोदक दिलात वर.

कसब्यातला_हान

मोदक तुम्ही दिलात, मी नाही. माझ्या झेरॉक्समध्ये आठ आहे.

तपशीलवार

तुमच्या झेरॉक्समध्ये जहाजाच्या जागी काळा चौकोन आहे.

बारक्या_पावशेर

धाग्याचं काश्मीर झालं. आता पूर्ण वाचला, मस्त आहे.

सायलीची_आई

१९९१ चं घेतलं. पहिली पन्नास पानं एका दिवसात संपली, जेवायला तीनदा हाक मारावी लागली. आता विचारतोय की फासे कुठे मिळतात. घरी लुडो आहे म्हटलं तर म्हणाला त्यात एकच फासा असतो आई.

कसब्यातला_हान

ताई, हिरवा असला तर घेऊ नका.

आणि आठ.